पत्र्याची गुणगुण

परवा दुपारी बाराच्या सुमारास मी खिडक्या ओढून घेतल्या, वाळ्याच्या ताटीवर दोन तांबे पाणी मारलं आणि पंख्याचं बटण बंद केलं. मग खोलीच्या मध्यभागी उभी राहून माझं मलाच हसू आलं. पंखा बंद करायचं आता काही कारण नव्हतं. पण ज्येष्ठ लागला, लूचा पोळणारा वारा सुटला, की माझा हात आपोआप त्या बटणाकडे जातो. त्या उन्हाळ्याला सात-आठ वर्षं झाली असतील. शरीराला मात्र ते अजून सांगितलेलं नाही कुणी.

ज्येष्ठातली काशी बाहेरून येणाऱ्यांना भेटत नाही, कारण त्या दिवसांत शहाणा माणूस इथे येत नाही. गंगा इतकी खाली उतरते की एरवी पाण्यात असणाऱ्या रामघाटाच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावरचं शेवाळ वाळून पापुद्र्यांसारखं सुटतं. पलीकडच्या तीरावरची वाळू वाऱ्याबरोबर गल्लीत शिरते. दारं बंद असली तरी संध्याकाळी माठाच्या झाकणावर, पुस्तकांच्या कडांवर, ओल्या केसांत बारीक करकर लागते. कोपऱ्यावर खरबुजाच्या साली पडलेल्या असतात, त्यांचा गोड-आंबूस वास येतो. आणि अकरा ते चार अशी शांतता पसरते की घाटाखाली कुणी नावेची साखळी ओढली तरी वर माडीत ऐकू यावी. सकाळी घंटा, संध्याकाळी आरत्यांचे भोंगे, दिवसभर डिझेलच्या नावा. वर्षातून एवढे पंचवीस-तीस दिवस, आणि त्यातही दुपारचे एवढेच तास, आमच्या गल्लीला आवाज नसतो.

म्हणून आम्ही ती वेळ निवडली होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, घनपाठी. मंत्रातला एकेक शब्द पुढच्याशी जोडून, मागे नेऊन, पुन्हा पुढे आणून असा म्हणायचा की हजार वर्षांनीसुद्धा त्यातलं एक अक्षर निसटू नये, हा घनपाठ. आयुष्यभर पाठशाळेत त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना तो शिकवला. त्या वर्षी माघात त्यांचा आवाज मधेच फाटायला लागला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर छोटीशी गाठ होती. "ऑपरेशन ठीक होईल," डॉक्टर म्हणाले, "पण आवाज पहिल्यासारखा राहील, हे मी लिहून देणार नाही." आषाढातली तारीख ठरली.

घरी आल्यावर अण्णांनी पाय धुतले, आसनावर बसले आणि मला विचारलं, "सुमा, तुझ्या त्या मशीनमध्ये किती मावतं?"

"सगळं मावतं, अण्णा."

"मग सगळं घे."

चहा आणि चष्मा सोडून त्यांनी माझ्याकडे त्यापूर्वी कधी काही मागितलं नव्हतं. मी मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पाठशाळेतली मुलं घरी येऊन अण्णांसमोर मांडी घालून बसायची तेव्हा मी आतल्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत असायची, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात मठ्ठ मुलाचासुद्धा मला हेवा वाटायचा. आता पन्नाशीच्या तोंडावर, अण्णांना लागणारी एक गोष्ट फक्त माझ्याकडे होती. सुट्टी लागली त्या दिवशी मी चौकातून चांगला माइक घेऊन आले. घरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवली. माइकची तार आखूड, जाड भिंतींची खोली एकच, त्यामुळे कॉम्प्युटरही अण्णांच्याच खोलीत, लोखंडी पेटीवर मांडला. पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद. अण्णांच्या उघड्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि ते डोळे मिटून म्हणत होते.

पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग मी त्यांना ऐकवलं. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. थोड्या वेळानं भुवई वर गेली.

"हा दुसरा कोण म्हणतोय?"

मी ऐकलं. अण्णांच्या आवाजाखाली एक गुणगुण होती. नुसती घरघर असती तर एक वेळ चाललं असतं. पण ही चढायची आणि उतरायची, घूं… घूं… घूं…, जणू खरंच कुणी मागे बसून सूर धरतंय. दोन डिस्क जवळजवळ सारख्या वेगानं फिरत होत्या. अगदी सारख्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचे आवाज एकमेकांत मिसळून लाटा उठत होत्या.

मी पेटीवर सतरंजीची घडी घातली. थोडं कमी झालं. मग कॅबिनेटभोवती रजई गुंडाळली. ती तर शुद्ध बेअक्कल होती, कारण वीस मिनिटांत आत भट्टी झाली आणि अण्णा ऐन भरात असताना मशीन आपणहून बंद पडलं. अण्णा थांबले. पाणी प्यायले. त्यांचं न बोलणं मला लहानपणापासून तोंडपाठ आहे.

त्याच आठवड्यात मृणाल आली.

ती रेल्वेच्या कारखान्यात इंजिनिअर होती, नागपूरहून बदलून आलेली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी घाटावर आली होती. परत जाताना आमच्या खिडकीखाली थांबली आणि ऐकत राहिली. मग सरळ जिना चढून वर आली. "माफ करा, ताई. मी खाली उभी होती. कोण म्हणून राहिलं आहे?" काशीत मराठी कानावर पडलं की आम्ही माणसाला आधी बसवतो आणि नाव मग विचारतो. मी पन्हं दिलं. अण्णांना ती पहिल्याच वाक्यात "अण्णा" म्हणाली. आमच्या गल्लीतले लोक त्यांना गुरुजी म्हणतात. अण्णा म्हणणारी मी एकटीच होते.

गुणगुणीचं ऐकल्यावर तिनं मशीन चालू करायला सांगितलं आणि कॅबिनेटवर हाताचा पंजा दाबून ठेवला. गुणगुण एकदम अर्धी झाली. हात उचलला, पुन्हा आली.

"पहा, ताई. आवाज डिस्कचा नाही, पत्र्याचा आहे. डिस्क नुसती थरथरते. ती थरथर स्क्रूमधून पत्र्यात जाते आणि हा पातळ पत्रा गायला लागतो. आमच्याकडे इंजिन असंच रबरावर बसवतात. वाट तोडायची, बस्."

मी कॉम्प्युटर शिकवते. हे मला सुचायला हवं होतं. रात्रंदिवस मी त्या कॅबिनेटजवळ बसले होते आणि त्याला हात लावून बघावं असं मला वाटलं नव्हतं. काहीतरी बारीक टोचलं. तेव्हा मी त्याला नाव दिलं नाही.

रविवारी ती हत्यारं घेऊन आली. तो दिवस मला अजून लख्ख दिसतो, कारण तो सुंदर होता आणि मला तो आवडत नव्हता. सकाळची वेळ, गच्चीवर आईची जुनी धुवट चादर पसरलेली. मृणालनं आधी वायर भिंतीतून काढली, मग चालू करायचं बटण दाबून धरलं, आत उरलीसुरली वीज जावी म्हणून. उघड्या पत्र्याला बोट टेकवून मगच आत हात घातला. डिस्क, पंखे, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, एकेक काढून खाली खोलीत नेऊन ठेवलं, गच्चीच्या धुळीपासून लांब. स्क्रू वाटीत. शेवटी नुसतं पत्र्याचं रिकामं खोकं उरलं.

"एवढं सगळं काढायची गरज आहे?" मी विचारलं. "भोक तर मागे पाडायचं आहे."

"कापायचं असलं की रिकामं करायचं, ताई. लोखंडाचा कीस कुठे जाऊन बसेल, भरवसा नाही. एक केसाएवढा तुकडा आत राहिला तरी जाळून टाकतो."

मागच्या पंख्यापुढे पत्र्यातच भोकं पाडून केलेली जाळी होती. हवा तिच्यातून जाताना शिट्टी मारायची. मृणालनं डोळ्यांवर चष्मा चढवला, कापायच्या रेषेवर चिकटपट्टी लावली, पत्र्याखाली पाट ठेवला आणि खिळ्यानं आधी खूण ठोकून ड्रिल लावलं, म्हणजे टोक घसरू नये. जाळी निघाली. कडा कानशीनं घासून बोट फिरवता येईल इतक्या गुळगुळीत केल्या, त्यावर उभी चिरलेली रबरी नळी बसवली. मग ओल्या फडक्यानं खोकं आतून तीनदा पुसलं. फडक्यावर चमकणारे लोखंडाचे बारीक वेटोळे मला दाखवले.

सायकलवाल्याकडून आणलेल्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून स्क्रूंखाली वायसर केले. डिस्कसाठी मात्र तिनं माझ्याकडे परकराचं इलॅस्टिक मागितलं. कॅबिनेटच्या दोन बाजूंमध्ये ते ताणून बांधलं आणि त्या पाळण्यात डिस्क आडव्या बसवल्या, एक वर, एक खाली, दोघींत चार बोटं अंतर. कुठेही पत्र्याला टेकू नये, पण झोकाही जाऊ नये, इतपत घट्ट. "आता पत्र्याला टेकत नाही, म्हणजे हिची गर्मी पण पत्र्यात जाणार नाही. म्हणून पंख्याची हवा थेट हिच्यावर पाहिजे." रजई गुंडाळणारी मी खाली मान घालून वाटीतले स्क्रू मोजत होते.

दुपारी अण्णांनी दोन मिनिटं म्हटलं आणि हेडफोन लावला. बराच वेळ ऐकत राहिले.

"आता मी एकटाच आहे," म्हणाले. मग मृणालकडे वळून, "पोरी, तुला कान आहे."

हे वाक्य अण्णा वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या विद्यार्थ्याला म्हणत. ज्याला म्हणत तो मुलगा आठवडाभर तरंगत चालायचा. ते वाक्य मी उंबऱ्याशी बसून कितीतरी वेळा ऐकलं होतं. ते या घरात येऊन पंधरा दिवसही न झालेल्या बाईला मिळालं, आणि मी हसून म्हणाले, "चला, आता पन्हं घ्या."

जळणं ही गोष्ट मला वाटत होती त्याहून फार घरगुती निघाली. ती मोठ्या विचारांत राहत नाही. पन्ह्याच्या पेल्यात राहते. अण्णा "मृणालला जास्त वेलची घाल" म्हणाले की जळायचं. ती दारात चप्पल काढताना त्यांची मान त्या आवाजाकडे वळली की जळायचं. मी फायलींना नावं देत होते, खोकल्याच्या जागा कापत होते, दर रविवारी एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नक्कल करून ठेवत होते. ते सगळं न दिसणारं काम होतं. तिचं काम अण्णांना ऐकू येत होतं.

आणि मग एक दिवस, पाठ संपल्यावर, मृणालनं सहज विचारलं, "अण्णा, मला दोन ओळी शिकवाल?"

आमच्या घरात बायकांना हे शिकवत नाहीत. कुणी मोठ्यानं सांगितलं नव्हतं, पण आई, आत्या, मी, सगळ्यांना ते ठाऊक होतं. अण्णा चक्क हसले. "बैस." तिचा हात हातात घेऊन स्वर कुठे उतरतो, कुठे चढतो, ते तिच्या तळव्यावर दाखवायला लागले. ती चुकत होती. उच्चार तर अगदीच नागपुरी. ते पुन्हा पुन्हा सांगत होते, न रागावता. मी उठून ताटीवर पाणी मारलं. ती ओलीच होती.

मृणाल चार दिवस नागपूरला लग्नाला गेली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. जाताना म्हणाली होती, "पुढच्या पंख्याची जाळी राहिली आहे. थोडा सूं-सूं आवाज येऊन राहिला आहे. आल्यावर ती पण कापू." तिचं ड्रिल आमच्याच घरी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्नानाला गेले. साडेनऊपर्यंत ते यायचे नाहीत. मी ड्रिल काढलं. सगळं खोलायला दोन तास लागले असते, आणि ते आल्यावर मला सांगायचं होतं, "मी केलं." मदरबोर्ड पुढच्या जाळीपासून लांब होता. त्याच्यावर वर्तमानपत्र पसरलं. डिस्क पाळण्यातच राहू दिल्या, नुसतं फडकं टाकलं. जाळी छान कापली गेली. कडा घासल्या. फुंकर मारली. फडकं उचलताना झटकलं गेलं असेल, हे आता सुचतं.

दुपारी मशीन चालू केलं. सूं-सूं नव्हतं. काहीच नव्हतं. अण्णा म्हणू लागले आणि मी हेडफोन लावून ती स्वच्छ, माझ्या हातची शांतता ऐकत बसले. इतकी खूश मी क्वचितच झाले असेन. पुढचा पंखा हवा आत ओढत होता, आणि त्या हवेबरोबर कुठल्यातरी सांदीतला कीस आत सरकत होता. अर्ध्या तासानं काडी मोडावी तसा आवाज झाला. मग जळका वास. पडदा काळा.

पॉवर सप्लाय गेला होता, तो दुसरा मिळाला. वरची डिस्क गेली, तिला दुसरी नव्हती. डिस्कच्या पोटाशी सर्किटची पाटी उघडी असते, तिला काहीतरी चिकटून ती जळली होती. चौकातल्या दुकानदारानं दोन दिवस खटपट केली आणि मान हलवली. रविवारनंतरच्या पाच दिवसांची नक्कल व्हायची होती. ते पाच दिवसांचे पाठ गेले. ऑपरेशनला नऊ दिवस उरले होते.

अण्णा म्हणाले, "कसं झालं?"

मी म्हणाले, "बघते."

मृणाल संत्र्याची बर्फी घेऊन आली. अण्णांनी तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "ते इलॅस्टिक ढिलं पडलं असेल. डिस्क खाली पत्र्याला टेकली असेल."

तिनं कॅबिनेट उघडलं. इलॅस्टिक तिनं बांधलं होतं तसंच ताठ होतं. समोर नवं कापलेलं गोल भोक होतं. जळकी डिस्क मी तशीच परत पाळण्यात ठेवली होती. मृणालनं ती काढून पालथी केली आणि काळ्या डागाजवळून नखानं काहीतरी उचललं. पत्र्याचा एक बारीक वेटोळा. अण्णांना तेवढं दिसत नाही.

"काय सापडलं?" त्यांनी विचारलं.

तिनं मूठ मिटली. "काही नाही, अण्णा. माझ्याच बांधण्यात कसर राहिली असेल."

"घाईचं काम," अण्णा म्हणाले आणि तोंड फिरवलं.

तिचा चेहरा उतरला. आणि मला बरं वाटलं. हे लिहू नये असं कितीदा मनात आलं, पण ते खोडलं तर बाकीचं सगळं खोटं होईल. दोन-तीन श्वासांपुरतं मला खरोखर बरं वाटलं. मग ती जिना उतरून गेली, आणि तिच्या पाठमोऱ्या आकृतीचाही मला हेवा वाटला. अशी मूठ मिटणं मला कधी जमलं नसतं.

ती पुन्हा आली नाही. अण्णांनी ठरवलं की आधी राहिलेला भाग पुरा करायचा, मग आवाज उरला तर गेलेले पाच दिवस. नवव्या दिवशी राहिलेला भाग संपला. त्यांनी पाणी घेतलं आणि गेलेल्या भागाची सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. खाकरले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा फाटला. त्यांनी हात वर करून मला थांबवायला सांगितलं. मी थांबवलं. बाहेर लू दार हलवत होती.

ऑपरेशन नीट झालं. नंतर पंधरा दिवस बोलायचं नव्हतं, म्हणून मी त्यांना शाळेतली पाटी आणून दिली. ते पाटीवर लिहायचे: पाणी. उशी. आज तिथी कोणती. चौथ्या दिवशी मला सहन होईना. मी त्यांच्या पायथ्याशी बसले आणि सांगितलं. कीस माझा होता. डिस्क मी जाळली. आणि ते मी तिच्यावर ढकललं.

त्यांनी खडू उचलला. मग लिहिलं, तिला सांगितलंस?

"नाही."

पुसलं. लिहिलं, आधी तिला.

रेल्वेच्या वसाहतीत मी पहिल्यांदाच जात होते. मृणालनं दार उघडलं, पाणी दिलं, समोर बसली. मी सगळं सांगितलं.

"मला ठाऊक आहे, ताई," मग म्हणाली. "तो तुकडा अजून माझ्या पर्समध्ये आहे."

"मग अण्णांसमोर का नाही बोललात?"

"बोलली असती तर तुमचं दोघांचं बिनसलं असतं. आणि उरलेलं रेकॉर्डिंग तुमच्याच हातून व्हायचं होतं. नऊ दिवसांत भांडण कुठे बसवायचं?" ती थांबली. "पण मला राग आला. अजून आहे. रोज वाटायचं, आज ताई येतील. तुम्ही नाही आल्या."

मी माफी मागितली. तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

"माझ्या बाबांचा आवाज नाही माझ्याकडे," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "फोनमध्ये एक हॅलो पण नाही. तुमच्या घरी येऊन मी पाहायची, ताईंजवळ तास-तास भरून वडिलांचा आवाज जमा होऊन राहिला आहे. घरी गेल्यावर मला झोप नाही यायची. आणि तुम्ही माझ्यावर जळत होत्या."

परत येताना ऑटोत माझं मन हलकं वगैरे झालं नाही. पाऊस सुरू झाला होता आणि रस्ता तुंबला होता. मी एवढाच विचार करत होते की तिनं ते किती सरळ सांगून टाकलं. मागणं असो की जळणं, तिला तोंडानं बोलता येत होतं.

घरी आले. अण्णा पाटी घेऊन बसले होते. त्यांनी भुवईनं विचारलं, मी मान हलवली. ओली साडी तशीच, मी म्हणाले, "अण्णा, तिला तुम्ही दोन ओळी शिकवल्यात. मला का नाही शिकवलंत?"

त्यांनी लिहिलं, तिनं विचारलं.

"मी सात वर्षांची होते. तुम्ही एका मुलावर रागावला होतात, त्याला पुढचं आठवत नव्हतं. मी आतून म्हणून दाखवलं होतं, अख्खं. तुम्ही आईला हाक मारून मला आत न्यायला सांगितलंत. ते विचारणं नव्हतं का?"

खडू पाटीवर टेकलेला राहिला. त्यांना ते आठवत होतं, हे मला दिसलं. शेवटी हाताच्या पंजानं ती अक्षरं पुसली आणि लिहिलं, उद्या. बाराला.

गेलेला पाच दिवसांचा भाग शिकायला मला फाल्गुन उजाडला. अण्णांचा आवाज परत आला तो कुजबुजीएवढाच. ते ओठ हलवायचे, हातानं गुडघ्यावर स्वर दाखवायचे, आणि मी म्हणायचे. लहानपणापासून कानावर पडलेलं बरंच पाठ होतं, पण चुकीचं पाठ होतं, आणि ते उखडून पुन्हा बसवायला नव्यापेक्षा जास्त दिवस लागले. शेजारचे एक शास्त्रीबुवा जिन्यात अण्णांना म्हणाले, "गुरुजी, हे काय आरंभलंत?" अण्णा कुजबुजले, "उशीर झालेला आरंभलाय."

त्याआधी दिवाळीत मृणाल आली होती. अण्णांनीच फोन करायला लावला. आम्ही दोघींनी गच्चीवर कॅबिनेट शेवटच्या स्क्रूपर्यंत रिकामं केलं, पुन्हा पुसलं, नवं इलॅस्टिक बांधलं. तिचा राग पुरता गेला नव्हता. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाई तुझी नव्हती." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मला तेव्हाही टोचलं. चूक माझी, क्षमा तिला, आणि तरी टोचलं. पुढच्या वर्षी तिची बदली झाली. सणाला मेसेज येतो. अण्णा अजून अधूनमधून विचारतात, "मृणाल कशी आहे?" मी सांगते, "छान आहे." आता पूर्वीएवढं दुखत नाही, पण दुखत नाही असं म्हणणार नाही.

त्या पाच दिवसांचा भाग मी पुढच्या ज्येष्ठात माझ्या आवाजात रेकॉर्ड केला. अण्णांचे विद्यार्थी पुण्याहून, नाशिकहून येतात, पेन ड्राइव्ह देतात. मी सगळं भरून देते. बहुतेक जण तेवढा भाग सोडून ऐकत असतील. एकानं तर विचारलं होतं, गुरुजींच्या आवाजातला नाहीच का? मी म्हणाले, नाही. त्यानं कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

काल दुपारी अण्णा भिंतीला टेकून बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे झालेत. जेवण दोन घास, पण कान तसेच आहेत. म्हणाले, "लाव काहीतरी."

मी त्यांचा आवडता भाग शोधायला लागले.

"तो नको," ते कुजबुजले. "तुझं लाव."

मी लावलं. माझा आवाज खोलीत ऐकू यायला लागल्यावर मला कुठे बघावं कळेना. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, बोटं गुडघ्यावर चालत होती, वर, खाली, आडवी. मधेच एका जागी बोट थांबलं.

"इथे स्वर चढला नाही."

"तेव्हा तुम्ही बोलला नाहीत."

"तेव्हा तू थकली होतीस. बंद कर ते. म्हण."

मी मशीन बंद केलं, त्यांच्यासमोर येऊन मांडी घातली आणि ती ओळ म्हटली. त्यांनी मान हलवली, डोळे न उघडता.

"परत," म्हणाले.